आर्या, हबेस, थांब: ‘इट टेक्स टू’ दोघांनी मिळून खेळण्याच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार. पूर्वतयारी.

कारखान्याच्या देखभाल विभागात अकरा वर्षे नोंदवही लिहिल्यामुळे, जे काम एका बैठकीत संपत नाही त्याची तारीखवार नोंद ठेवण्याची सवय मला लागलेली आहे. हे काम म्हणजे एक व्हिडिओ गेम असला तरी ती सवय मोडण्याचे मला कारण दिसत नाही. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझ्याबरोबर शिकाऊ म्हणून लागलेला आणि आता जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करणारा माझा मित्र आणि मी असे दोघे मिळून ‘इट टेक्स टू’ हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळणार आहोत. अट एकच ठरली आहे, ती अशी की कुठेही अडलो तरी दुसऱ्या कोणी खेळून दाखवलेली चित्रफीत पाहायची नाही. अडल्यावर जे बोलणे होईल ते या वहीत यावे, हा माझा स्वतंत्र हेतू आहे.

खेळ स्टॉकहोमच्या हेझलाइट या स्टुडिओने केलेला असून तो २६ मार्च २०२१ रोजी बाहेर आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात तो वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. तो एकट्याने खेळताच येत नाही. काडीमोडाच्या उंबरठ्यावर उभे असलेले मे आणि कोडी हे जोडपे, त्यांच्या मुलीच्या, म्हणजे रोझच्या, अश्रूंमुळे दोन लहान बाहुल्यांमध्ये अडकते. मे लाकडाची होते आणि कोडी मातीचा. परत माणूस होण्यासाठी त्यांना घर, झाड, बाग, माळा असा प्रवास करावा लागतो, आणि त्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर दोघांना दोन वेगवेगळी हत्यारे मिळतात, जी एकमेकांवाचून निरुपयोगी असतात.

आजचा दिवस मात्र खेळाविनाच गेला. मित्राने त्याच्या प्लेस्टेशनवर खेळ विकत घेऊन ठेवला होता आणि मी संगणकावर ‘फ्रेंड्स पास’ उतरवून घेतला होता, कारण दोघांपैकी एकाने खेळ विकत घेतला की दुसऱ्याला तो फुकट खेळता येतो, एवढेच आम्ही वाचले होते. हा खेळ प्लेस्टेशन आणि संगणक यांच्यामध्ये जोडला जात नाही, हे वाचायचे दोघांचेही राहून गेले. दोन तास जोडणी शोधण्यात घालवल्यावर मित्राने संगणकासाठी दुसरी प्रत विकत घेतली. यंत्र सुरू करण्याआधी दोन्ही टोकांची जोडणी एकाच मापाची आहे का ते पाहावे, हे आम्ही शिकाऊ मुलांना शिकवतो.

१८ जानेवारी, शनिवार. शेड. खेळलेला वेळ: पावणेदोन तास.

भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला, म्हणजे त्याच्या संध्याकाळी पाच वाजता, सुरुवात केली. मी मे झालो, तो कोडी. या प्रकरणात कोडीकडे खिळे असतात, जे तो लाकडात फेकून मारतो आणि परत बोलावून घेतो. मेकडे हातोडीचे डोके असते, ज्याने ती वस्तू फोडते आणि त्या खिळ्यांना लटकून झोका घेते. खिळा नसेल तर हातोडीला लटकायला जागा नाही आणि हातोडी नसेल तर खिळ्याने ठोकण्यापलीकडे काही होत नाही. ही वाटणी पाहून मित्र म्हणाला, “फिटर आणि हेल्पर.” कोण फिटर, हे त्याने सांगितले नाही.

पडदा उभा दुभंगलेला असतो आणि दोघे वेगवेगळ्या खंडांत बसलेले असले तरी दोन्ही अर्धे दोघांनाही दिसतात. याचा उपयोग फार आहे, पण तोटाही लगेच जाणवला: मी त्याच्या अर्ध्यात त्याचा खिळा कुठे लागतो ते पाहत राहिलो आणि माझ्या अर्ध्यात मी स्वतः खाली पडत राहिलो. पहिल्या अर्ध्या तासात मी किती वेळा पडलो ते मोजण्याचे मी सोडून दिले. खेळ दयाळू आहे, तो लगेच जवळच पुन्हा उभे करतो, त्यामुळे पडण्याची शिक्षा फक्त हसण्याची होते.

आजची महत्त्वाची नोंद ‘आता’ या शब्दाविषयी आहे. फिरत्या फळीवर खिळा बसवून मला उडी मारायची होती. मी “आता” म्हटल्यावर त्याने खिळा फेकायचा, असे ठरले. मी एकदा “आता हे बघ, ती फळी” असे म्हणायला लागलो आणि वाक्य पुरे होण्याच्या आत खिळा भलत्याच ठिकाणी जाऊन रुतला. पुढच्या वेळी त्याने “सोडू?” असे विचारले; ओळीतल्या खरखरीत मला ते “सोड” असे ऐकू आले आणि मी झोका सोडला. बोलण्यातल्या शब्दांनीच हुकूम देऊ नयेत, ही गोष्ट आम्ही दोघेही कधीकाळी कामावर शिकलो होतो आणि दोघेही विसरलो होतो.

याच प्रकरणात पहिला छोटा सामना लागला: कोडी भोकांतून डोके वर काढतो आणि मे त्याच्या डोक्यावर हातोडी मारते. असे एकूण पंचवीस छोटे सामने खेळात विखुरलेले आहेत. हा सामना मी जिंकलो.

२५ जानेवारी, शनिवार. वेळ: वीस मिनिटे.

वीज गेली. राउटर इन्व्हर्टरवर होता, संगणक नव्हता, त्यामुळे फोनवर मित्राचा आवाज येत राहिला आणि खेळ गेला. खेळ टप्प्याटप्प्याने आपोआप जतन होत असल्याने नुकसान पाच मिनिटांचे झाले.

१ फेब्रुवारी, शनिवार. शेड संपली. वेळ: दोन तास.

आज फक्त हाकांविषयी लिहितो, कारण मला वाटते की या प्रकल्पातला खरा शोध इथे लागला.

आवाज नाशिकहून श्टुटगार्टला पोचायला आणि त्याच्या हाताने कळ दाबल्याचे मला दिसायला जो वेळ लागतो, तो डोळ्याला दिसत नाही, पण झोक्याला लागतो. मी हाक देतो, ती त्याला थोड्या उशिराने ऐकू येते, तो लगेच कृती करतो, आणि ती कृती माझ्या पडद्यावर आणखी थोड्या उशिराने उमटते. म्हणजे मी “तीन” म्हणताक्षणी उडी मारली, तर मी नेहमीच त्याच्या आधी हवेत असणार. आम्ही तासभर “एक, दोन, तीन” करत होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर घाईचा किंवा उशिराचा आरोप करत होता. दोघांचेही घड्याळ आपापल्या जागी बरोबर होते.

मग मित्राला क्रेन आठवली. आमच्या शॉपमध्ये पाच टनांची ईओटी, म्हणजे डोक्यावरच्या रुळांवरून विजेवर चालणारी, क्रेन होती. ती चालवताना भार वर घ्यायचा असेल तर “हबेस” आणि खाली सोडायचा असेल तर “आर्या” अशी हाक दिली जाई. ‘आर्या’ हा शब्द पोर्तुगीज ‘आरिआर’, म्हणजे खाली सोडणे, यापासून खलाशांच्या तोंडून बंदरात आणि तिथून कारखान्यांत आला. हे शब्द टिकले याचे कारण, माझ्या मते, असे आहे की त्यांना दुसरा काही अर्थच उरलेला नाही. जेवताना, भांडताना, गप्पा मारताना कोणी ‘हबेस’ म्हणत नाही, त्यामुळे तो शब्द कानावर पडला की तो हुकूमच असतो.

हाकांबरोबर नियमही असत. इशारा देणारा माणूस एकच असेल आणि तो असा असेल ज्याला भार नीट दिसतो. क्रेन चालवणारा स्वतःच्या अंदाजाने काही करणार नाही. आणि “थांब” मात्र कोणीही म्हणावे, अगदी झाडू मारणाऱ्याने म्हटले तरी क्रेन थांबली पाहिजे. हा नियम आम्हाला पुस्तकातून कळला नव्हता. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या महिन्यात एक पोलादी पत्रा उचलताना एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने एक जुना कामगार असे दोघेही हात हलवत होतो. चालवणाऱ्याने आधी माझे ऐकले, मग त्याचे, पत्रा झोकांडला आणि खांबाचा रंग खरवडून गेला. कोणाला लागले नाही. सुपरवायझर काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळपर्यंत आम्हा दोघा शिकाऊंना त्या खांबाजवळ उभे केले.

आज आम्ही ते नियम खेळाला लावले. ज्याला उडी मारायची आहे त्याला भार दिसतो, म्हणून हाक तोच देईल. दुसरा हाकेवर कृती करील. आणि उडी मारणारा स्वतःच्या हाकेवर उडणार नाही, तर दुसऱ्याची कृती आपल्या पडद्यावर उमटलेली पाहिल्यावर उडेल. हा शेवटचा भाग क्रेनवर लागत नसे, तो इथला. एवढे केल्यावर ज्या जागी आम्ही तासभर अडलो होतो तिथून तिसऱ्या प्रयत्नात पार झालो आणि अवजारांच्या पेटीच्या राक्षसाला त्याच बैठकीत हरवले.

८ फेब्रुवारी, शनिवार. झाड. वेळ: दोन तास दहा मिनिटे.

खारी आणि गांधीलमाश्या यांच्या युद्धात आपण खारींच्या बाजूने लढतो. कोडीला झाडाचा चीक फेकणारी बंदूक मिळते आणि मेला आगकाड्या उडवणारी. चीक जिथे पडतो तिथे वजन वाढते. त्यावर पेटती काडी बसली की तो उडून जातो. म्हणजे तराजूचे एक पारडे चीक टाकून खाली न्यायचे, दुसऱ्याने त्यावरून पलीकडे जायचे, मग काडी मारून चीक जाळायचा की पारडे पुन्हा वर. मित्राने चीक टाकायचा तर “आर्या”, मी जाळायचा तर “हबेस”. हे शब्द इतके चपखल बसले की खेळ करणाऱ्यांपैकी कोणीतरी बंदरात काम केले असावे, असे तो म्हणाला.

दिग्दर्शक योसेफ फारेस यांचा जन्म बैरूतचा, म्हणजे बंदराचाच, पण लहानपणी यादवी युद्धामुळे कुटुंब स्वीडनला गेले आणि ते आधी चित्रपट दिग्दर्शक झाले. २०१३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ब्रदर्स’ या खेळात एकच खेळाडू डाव्या अंगठ्याने एक भाऊ आणि उजव्या अंगठ्याने दुसरा भाऊ चालवतो. तो मी एकट्याने खेळलो होतो. तेव्हा दोन माणसे एकाच डोक्याच्या हुकमात होती आणि तरीही डावा-उजवा गोंधळ होई. इथे दोन डोकी आहेत. एका डोक्यातला गोंधळ कोणाला सांगावा लागत नाही, हा मोठा फरक आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. झाड संपले. वेळ: सव्वा तास.

चड्डीचे पंख असलेल्या विमानातून पळ काढला. एकाने विमान चालवायचे आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवर खारींच्या सरदाराशी जुन्या मारामारीच्या खेळांसारखी मारामारी करायची, अशी वाटणी आहे. हाकांचा काही उपयोग नव्हता, दोघेही नुसते ओरडत होतो. बायकोने दार लावून घेतले.

२२ फेब्रुवारी, शनिवार. रोझची खोली. वेळ: दोन तास चाळीस मिनिटे.

सर्वांत मोठे प्रकरण हेच असावे. अवकाशाच्या भागात कोडीला लहान-मोठे होण्याचा पट्टा मिळतो आणि मेला भिंतीवर, छतावर चालता येतील असे बूट. मोठा झालेला कोडी ज्या कळीवर उभा राहतो ती दबते, लहान झालेला कोडी नळीतून जातो. मी छतावर उभा असताना माझे ‘वर’ म्हणजे त्याचे ‘खाली’ होते, त्यामुळे आर्या आणि हबेस दोन्ही निकामी झाले. शेवटी खोलीतल्या वस्तूंच्या नावांनी बोलू लागलो. “निळ्या दिव्याकडे” हे वाक्य लांब आहे, पण ते उलटे होत नाही.

डॉक्टर हकीम नावाचे एक चालते-बोलते पुस्तक अधूनमधून उडी मारून येते आणि सहकार्यावर व्याख्यान देते. मराठी कानाला ‘डॉक्टर हकीम’ म्हणजे ‘वैद्य वैद्य’ असे ऐकू येते, आणि दुहेरी डोस देण्याची त्याची पद्धत पाहता ते नाव योग्यच आहे. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की या खेळाची कथा बोलते तेव्हा कमी पटते. खिळा आणि हातोडी यांनी अर्ध्या तासात जे पटवले, तेच हे पुस्तक कमरेला झटके देत पुन्हा सांगते. मित्राला मात्र ते पुस्तक आवडते. हसायला मिळते तेवढे घ्यावे, असे त्याचे म्हणणे आहे.

१ मार्च, शनिवार. रोझची खोली संपली. वेळ: एक तास. पुढे खेळलो नाही.

मे आणि कोडीची समजूत अशी असते की रोझच्या अश्रूंनी आपण बाहुल्या झालो, तर तिच्या अश्रूंनीच पुन्हा माणसे होऊ. म्हणून ते तिला रडवायचे ठरवतात आणि त्यासाठी तिचे सर्वांत आवडते खेळणे, राणीचा मुकुट घातलेला एक कापडी हत्ती, मोडायला निघतात. हत्तीण बोलते. ती आनंदाने स्वागत करते, मग दोघांच्या डोळ्यांतला हेतू ओळखून पळू लागते, मग विनवण्या करते. आपण तिला पकडून कड्याच्या दिशेने ओढतो. वाटेत तिचा एक पाय अडकून तुटतो, कान फाटतो, आतला कापूस दिसतो. हे सगळे नुसते दाखवले जात नाही. ओढण्याची कळ दोघांनी दाबायची असते, आणि ओढणे दोघांचे एकदम व्हावे लागते.

पाय तुटला तेव्हा मित्र म्हणाला, “थांब.” आमच्यात ठरलेला नियम असा की ‘थांब’ कोणीही म्हणावे आणि ऐकणाऱ्याने कारण विचारू नये. मी दोन्ही हात कळींवरून काढले. त्यानेही काढले. पडद्यावर दोघे बाहुले तिला धरून उभे राहिले. ती बोलत होती. आम्ही वाट पाहिली की खेळ आता काहीतरी करील, दुसरी वाट उघडेल, रोझ दार उघडून आत येईल. काही झाले नाही. मी बाजूला ठेवलेला चहा प्यायलो. त्याच्या बाजूने खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि काही वेळाने परत आल्याचा. खेळ आमच्यासाठी कितीही वेळ थांबायला तयार होता, फक्त दुसरे काही करायला तयार नव्हता.

“चालू करू का?” मी विचारले. तो म्हणाला, “तू म्हण.” मी म्हणालो की इशारा देणारा तू आहेस. तो म्हणाला, “नाही रे, हे मी नाही म्हणणार.” शेवटी हाक कोणीच दिली नाही. त्याचा बाहुला हलला, ते पाहून मी कळ दाबली.

रोझ रडते, आणि त्याने काहीही होत नाही.

या प्रसंगावर मी आठवडाभर विचार करीन असे वाटल्याने आजच लिहून ठेवतो. कथा म्हणून हा प्रसंग या खेळातला सर्वांत धाडसी आहे, कारण इथे डॉक्टर हकीमची गरज पडली नाही. पण मला त्याविषयी एक तक्रार आहे: हा प्रसंग संपताच मे आणि कोडी पुन्हा विनोद करू लागतात आणि त्या हत्तिणीचा हिशेब कोणी मागत नाही. आमच्या खांबाजवळ निदान संध्याकाळपर्यंत उभे तरी राहावे लागले होते.

८ मार्च, शनिवार. खेळ नाही.

मित्र सर्दीने आजारी होता. परवा, म्हणजे ६ मार्चला, याच स्टुडिओचा ‘स्प्लिट फिक्शन’ हा पुढचा खेळ बाहेर आला आणि त्यात प्लेस्टेशनवाल्याला संगणकवाल्याशी जोडून खेळता येते, ही बातमी त्याने नाक ओढत दिली. दुसऱ्या प्रतीचे पैसे गेल्याचे दुःख त्याला सर्दीपेक्षा अधिक होते. हातातले काम पुरे केल्याखेरीज नवे घ्यायचे नाही, असे ठरले.

१५ मार्च, शनिवार. कक्कू घड्याळ. वेळ: दोन तास.

कालच्या धुळवडीचा रंग नखांत होता. कोडी वस्तूंचा काळ मागे-पुढे फिरवतो, मे आपली एक प्रतिकृती एका जागी सोडून दुसरीकडे जाते आणि हवे तेव्हा त्या जागी परत झेपावते. मोडलेली वस्तू त्याने काळ मागे नेऊन सांधून धरायची आणि तेवढ्यात मी तिच्यावरून जायचे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे प्रकरण मला सर्वांत सुबक वाटले. प्रतिकृती कुठे सोडायची हा निर्णय आधीच घ्यावा लागतो, म्हणजे ऐन वेळच्या हाकेपेक्षा आधीच्या आखणीला महत्त्व येते. आम्ही प्रत्येक कोड्यापुढे उभे राहून आधी तोंडी रंगीत तालीम केली आणि मग गप्प बसून ती पार पाडली. संपूर्ण प्रकल्पात इतकी शांत बैठक दुसरी झाली नव्हती.

२२ मार्च, शनिवार. बर्फाचे गाव असलेला काचेचा गोळा (स्नो ग्लोब). वेळ: दोन तास.

दोघांकडे चुंबकाचा एकेक ध्रुव असतो. विरुद्ध ध्रुव ओढतात, सारखे ढकलतात, त्यामुळे ज्या वस्तूकडे मी ओढला जातो तिच्यापासून मित्र दूर फेकला जातो. “हबेस” म्हटल्यावर कोणी कोणाला ओढायचे याचा पत्ता लागेना आणि आमचा शब्दसंग्रह दुसऱ्यांदा निकामी झाला. या वेळी नवे शब्द करण्याचा आळस केला आणि त्याची किंमत म्हणून घसरगुंडीच्या वाटेवर बराच वेळ घालवला. बर्फाचे गाव सुंदर आहे. कथेच्या दृष्टीने, ही जागा दोघांच्या जुन्या सुखी सहलीची आठवण असल्याचे सांगितले जाते. सांगितले जाते, एवढेच.

३० मार्च, रविवार. बाग. वेळ: पस्तीस मिनिटे.

शनिवारी मित्र प्रवासात असल्याने बैठक आज ठेवली होती. ठरवताना मी “साडेनऊ” असे लिहून ठेवले आणि त्याने “पाच” असे. आज पहाटे युरोपची घड्याळे उन्हाळ्यासाठी एक तास पुढे गेली, त्यामुळे त्याचे पाच म्हणजे आपले साडेआठ झाले. त्या वेळी मी पाडव्याच्या जेवणासाठी चुलतभावाकडे श्रीखंड-पुरीवर बसलो होतो आणि फोन चपलांजवळच्या फडताळावर होता. मित्राने तासभर वाट पाहिली, सात निरोप पाठवले, त्यांतला शेवटचा केवळ “थांब?” असा होता. मी बरोबर साडेनऊला हजर झालो आणि उशीर केल्याबद्दल त्यालाच बोलणार होतो.

घड्याळ बदलल्याचे त्याला माहीत होते. वर्षातून दोनदा ते बदलते, हे मलाही माहीत होते. दोघांनीही आपापला आकडा धरून ठेवला, हीच चूक पहिल्या फेब्रुवारीला आम्ही “एक, दोन, तीन” म्हणताना केली होती, फक्त या वेळी फरक मिलीसेकंदांऐवजी तासाचा होता. यापुढे वेळ लिहिताना कोणाच्या घड्याळाची ते लिहायचे.

उरलेल्या पस्तीस मिनिटांत बागेला सुरुवात झाली. मेकडे विळा आणि पाणी, कोडी मातीत शिरून वनस्पतींची रूपे घेतो. निवडुंग झाल्यावर मित्र फार खुश होता.

१ एप्रिल, मंगळवार. बाग संपली. वेळ: पावणेदोन तास.

रविवारची भरपाई म्हणून आठवड्याच्या मध्ये बसलो. कोडीला पूर्वी बागकामाचा नाद होता आणि तो त्याने सोडून दिला, हे इथे उघड होते. दुर्लक्षामुळे बाग सडत चालली आहे. मित्राच्या श्टुटगार्टच्या खिडकीत एक कढीपत्त्याचे रोप आहे, त्याला त्याने मध्येच उठून पाणी घातले. मी काही बोललो नाही.

५ एप्रिल, शनिवार. माळा. वेळ: दोन तास पंधरा मिनिटे. खेळ पूर्ण.

मेने सोडलेली गोष्ट म्हणजे गाणे. कोडीला झांज मिळते, जी तो फेकतो आणि ढालीसारखी धरतो. मेला तिचा आवाज मिळतो, ज्याने वस्तू हलतात आणि फुटतात. इतके दिवस मी हाका देत आलो होतो आणि शेवटच्या प्रकरणात माझे हत्यारच आवाज निघाले, याची गंमत मित्राने माझ्या आधी ओळखली. इथे अडथळे कठीण नाहीत, निदान आम्हाला वाटले नाहीत. बहुतेक ठिकाणी हाक देण्याआधीच दुसऱ्याचा हात जागेवर असे. एकदा मी झांजेसाठी “हबेस” म्हणायला तोंड उघडले तेव्हा झांज निघालीही होती.

कथेचा शेवट गाण्याने होतो, तो अपेक्षेप्रमाणे गोड आहे आणि त्यावर आमचे एकमत झाले नाही. मित्राच्या मते इतकी वाट चालल्यावर दोघे एकत्र येणारच. माझ्या मते त्यांनी एकमेकांची क्षमा मागितली, पण रोझची पुरेशी मागितली नाही, हत्तिणीचा विषय मी पुन्हा काढला, तेव्हा तो म्हणाला, “ते माझ्याही डोक्यातून गेलेले नाही.”

आकडेवारी अशी: एकूण बैठका बारा, वेळ सुमारे पावणेवीस तास, चित्रफिती पाहिल्या शून्य. छोट्या सामन्यांपैकी एकोणीस सापडले, त्यांत मित्र अकरा जिंकला आणि मी आठ. उरलेले सहा शोधण्याची दोघांचीही इच्छा नाही.

श्रेयनामावली चालू असताना फोन बंद करण्यापूर्वी मी “आर्या” म्हणालो. त्याने लगेच दुरुस्ती केली. काम संपल्यावर हूक खाली सोडून जात नाहीत, वर घेऊन ठेवतात. शिकाऊ असताना हे मीच विसरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे तरी डोके हुकाला लागले होते. “हबेस” म्हणून त्याने फोन ठेवला.

‘स्प्लिट फिक्शन’ची पहिली बैठक १९ एप्रिल, शनिवार, भारतीय घड्याळाप्रमाणे रात्री साडेनऊ, श्टुटगार्टच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहा. प्रत या वेळी मी विकत घेणार आहे.